अमेरिकेत नवीन सीएफआय: पहिली नोकरी शोधताना काय विचारायचं, काय तपासायचं

पहाटवारा

फ्लाइट इन्स्ट्रक्टर सर्टिफिकेट, म्हणजे सीएफआय, मिळवण्यासाठी काय अभ्यास करायचा यावर भरपूर लिहिलं गेलंय. ते हातात आल्यानंतरच्या पहिल्या नोकरीबद्दल मराठीत काहीच सापडत नाही. म्हणून हा धागा.

परिस्थिती अशी धरू या: कमर्शियल आणि इन्स्ट्रुमेंट झालेलं, नुकतंच सीएफआय, एकूण तास २७० च्या आसपास, मल्टी-इंजिन नाही. ग्रीन कार्ड आहे, म्हणजे काम करायच्या परवानगीचा प्रश्न नाही. घर बे एरियात, पण दुसऱ्या राज्यात जायची तयारी आहे.

सीएफआयआय, म्हणजे इन्स्ट्रुमेंट शिकवायचं रेटिंग, आधी करावं की नोकरी लागल्यावर? स्कूल निवडताना पगाराशिवाय काय बघावं? मुलाखतीत खरोखर काय तपासतात? १०९९ वर, म्हणजे कंत्राटदार म्हणून, काम घ्यावं का? जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं ही विनंती.

घार

आधी गर्दी का आहे ते समजून घ्या, म्हणजे पुढचे निर्णय सोपे होतात. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं ३४०७ कोसळलं. त्यानंतर २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून एअरलाइनच्या उजव्या सीटवर, को-पायलट म्हणून, बसायलासुद्धा एटीपी, म्हणजे एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट सर्टिफिकेट, लागायला लागलं. एटीपीला १५०० तास. मान्यताप्राप्त कॉलेजची चार वर्षांची एव्हिएशनची पदवी असेल तर १०००, दोन वर्षांची असेल तर १२५०. कमर्शियल मात्र पार्ट ६१ (सर्वसाधारण नियम) खाली २५० तासांत होतं आणि पार्ट १४१ (मान्यताप्राप्त स्कूलचा ठरलेला अभ्यासक्रम) खाली १९० तासांतही होतं. मधले हजार-बाराशे तास कुठून आणायचे? बहुतेकांचं उत्तर एकच, शिकवून. म्हणून दरवर्षी सीएफआयची नवी तुकडी बाहेर पडते. २०२१-२२ मध्ये एअरलाइन माणसं भराभर उचलत होत्या, त्यामुळे स्कूलमधल्या जागाही भराभर रिकाम्या होत होत्या. २०२४ पासून तो वेग उतरला. जुने इन्स्ट्रक्टर जागेवरच आहेत आणि नवे दाराशी उभे आहेत.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: सीएफआयआय, म्हणजे आपलं डबल-आय, अर्ज करण्याआधी करा. चीफ इन्स्ट्रक्टर अर्ज कसे चाळतो ते बघा. प्रायव्हेट झालेला विद्यार्थी लगेच इन्स्ट्रुमेंटला लागतो. डबल-आय नसलेल्या इन्स्ट्रक्टरकडून तो काढून दुसऱ्याला द्यावा लागतो आणि वेळापत्रक विस्कटतं. शिवाय ढग खाली आलेल्या दिवशी प्रायव्हेटवाला घरी बसतो, तर डबल-आयवाला आयएफआर (ढगातून उपकरणांवर उडायचा प्लॅन) फाइल करून निघू शकतो. सीएफआयची चेकराइड, म्हणजे उड्डाणाची परीक्षा, नुकतीच झाली असेल तर उजव्या सीटचा हात बसलेला असतो. तो उतरायच्या आत डबल-आय उरकलं तर खर्च कमी येतो. लेखी परीक्षा वेगळी, पण एफओआय, म्हणजे शिकवण्याच्या मूलतत्त्वांची परीक्षा, पुन्हा द्यावी लागत नाही.

एमईआय, म्हणजे मल्टी-इंजिन शिकवायचं रेटिंग, मागे ठेवा. त्याच्यासाठी मल्टीमध्ये १५ तास पीआयसी (विमानाचा मुख्य जबाबदार पायलट) म्हणून हवेत, आणि नंतर ज्या मॉडेलवर शिकवायचं त्यावर ५ तास पीआयसी वेगळे. २७० तासांवर मल्टीचा तास विकत घेण्यापेक्षा तीच रक्कम डबल-आयवर लावणं शहाणपणाचं. मल्टीचे विद्यार्थी नव्या माणसाला तसेही कोणी लगेच देत नाही.

आणखी एक मर्यादा लक्षात असू द्या. सर्वसाधारणपणे पहिले २४ महिने आणि २०० तास शिकवून होईपर्यंत दुसऱ्या कुणाला पहिल्यांदा सीएफआयसाठी तयार करता येत नाही. त्यामुळे 'सीएफआय अकॅडमी' म्हणून जाहिरात करणाऱ्या जागा नव्या माणसाच्या उपयोगाच्या नसतात.

कोरडीहवा

स्कूल निवडताना पगाराच्या आधी एक भागाकार करा. नियमित उडणारी विमानं किती आणि इन्स्ट्रक्टर किती?

दोन तासांचा एक स्लॉट धरला तर दिवसाउजेडी एका विमानाचे साधारण पाच स्लॉट होतात. सहा विमानं म्हणजे तीस स्लॉट. इन्स्ट्रक्टर अठरा असतील तर माणशी दोनसुद्धा येत नाहीत. सात-आठ असतील तर चार येतात. तासाचा दर पाच डॉलर जास्त असून स्लॉट निम्मे असतील तर तोटाच आहे, पैशांचाही आणि तासांचाही.

'विमानं किती' याचं उत्तर वेबसाइटवरून घेऊ नका. तिथे दहा फोटो असतात. त्यातलं एक इंजिनची वाट बघत हँगरमध्ये असतं, एक विकायला काढलेलं असतं. रॅम्पवर जाऊन मोजा. ताशी पैसे घेऊन शिकवण्यासाठी जे विमान स्कूल पुरवतं त्याला दर १०० तासांनी तपासणी लागते. महिन्याला ८० तास उडणारं सेसना १७२ दर पाच आठवड्यांनी त्यासाठी उभं राहणार. स्कूलचा स्वतःचा मेकॅनिक असेल तर ते दोन-तीन दिवसांत परत येतं. बाहेरच्या शॉपच्या रांगेत लागलं तर दोन आठवडेही जातात. म्हणून पुढचा प्रश्न: मेकॅनिक पगारावर आहे का, आणि मागच्या महिन्यात किती दिवस किती विमानं जमिनीवर होती? चीफ हे चटकन सांगू शकत नसेल तर हिशेब ठेवलेला नाही असं समजा.

तिसरी गोष्ट डीपीई, म्हणजे चेकराइड घेणारा परीक्षक. चेकराइडची तारीख मिळायला किती दिवस लागतात ते विचारा. विद्यार्थी तयार होऊन सहा आठवडे थांबला तर त्याचा हात बिघडतो आणि पैसे संपतात. शेवटी नापास झाला तर तुमच्या नावावर नापास होतो. सीएफआय चालू ठेवण्याचा एक मार्ग म्हणजे २४ महिन्यांत किमान पाच विद्यार्थ्यांना चेकराइडसाठी साइन-ऑफ देऊन त्यातले ८० टक्के पहिल्या फटक्यात पास होणं. त्यामुळे या गोष्टीचा थेट तुमच्या कागदांशी संबंध आहे.

हवामानाबद्दल थोडक्यात. मिनेसोटात हिवाळ्यात स्लॉट गळतात. फ्लोरिडात उन्हाळी दुपारी गडगडाट असतो, सकाळ धरून ठेवावी लागते. ॲरिझोनात ऊन इतकं असतं की जून ते सप्टेंबर पहाटे पाचलाच रॅम्पवर यावं लागतं, कारण डेन्सिटी अल्टिट्यूडमुळे, म्हणजे तापून विरळ झालेल्या हवेमुळे, भरलेलं १७२ दुपारी जेमतेम चढतं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सकाळी समुद्रावरचा ढगाचा थर येतो. प्रायव्हेटला तो अडथळा, पण डबल-आयला सोन्यासारखा, कारण खरा ढग, पण विमानावर बर्फ जमायची भीती नाही, वादळ नाही.

हिशेबनीस

पैशांचं मी लिहितो. दर फक्त उदाहरणापुरता धरलाय, तुमच्या गावचा दर टाकून बघा.

दिवसाला चार स्लॉट, आठवड्याला पाच दिवस, वर्षाला ५० आठवडे, म्हणजे १००० स्लॉट. हवा, विमान आणि विद्यार्थी यांच्यापायी एक तृतीयांश गळतात. राहिले ६६७. दोन तासांच्या स्लॉटमध्ये हॉब्ज मीटरवर, म्हणजे इंजिन चालू असल्याचा वेळ मोजणाऱ्या मीटरवर, साधारण १.२ तास येतो. म्हणजे वर्षाला ८०० तास.

आता प्रश्न, पैसे कशाचे? फक्त हॉब्जचे मिळत असतील तर ३० डॉलर दराने २४,००० डॉलर. उड्डाणाआधीचं आणि नंतरचं ग्राउंड अर्धा तास धरून तेही मोजत असतील तर तेवढ्याच स्लॉटचे ३४,००० डॉलर. दर तोच, काम तेच, फरक दहा हजारांचा! म्हणून 'तासाला किती' हे विचारण्याआधी 'कुठल्या तासाला' हे विचारा. विद्यार्थी आलाच नाही तर रद्द करण्याचा आकार स्कूल घेतं का, त्यातला वाटा इन्स्ट्रक्टरला मिळतो का, हेही विचारा. फ्रंट डेस्कवर बसवलं, विमानं धुवायला लावली, तर त्या तासांचे पैसे आहेत का?

१०९९ म्हणजे तुम्ही कागदावर स्वतंत्र कंत्राटदार. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे दोन्ही वाटे तुमचेच, एकूण १५.३ टक्के. वरच्या २४,००० वर ते सुमारे ३,४०० डॉलर होतात, आयकर वेगळा. वर्षातून चार वेळा, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारीच्या १५ तारखेला, अंदाजे कर भरायचा. विसरलात तर दंड लागतो. बेकारी भत्ता नाही, कामावर इजा झाली तर वर्कर्स कॉम्प नाही. उलट हेडसेट, आयपॅड, मेडिकलची फी, विमा हे खर्च वजा करता येतात. डब्ल्यू-२ वर, म्हणजे पगारी नोकर म्हणून, ७.६५ टक्के कापले जातात, उरलेलं मालक भरतो. तेव्हा १०९९ चा दर डब्ल्यू-२ पेक्षा निदान पंधरा-वीस टक्के जास्त नसेल तर तो खरं म्हणजे कमीच आहे.

पहाटवारा

धन्यवाद. १०९९ वर ठेवून वेळापत्रक स्कूलच ठरवतं, गणवेश घालायला लावतं, दुसरीकडे शिकवायला मनाई करतं असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. हे चालतं का?

हिशेबनीस

नाही चालत. कामाची वेळ, पद्धत, साधनं सगळं मालकाच्या हातात असेल तर आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकी कर खात्याच्या, कसोटीवर काम करणारा नोकर ठरतो, कागदावर काहीही लिहिलेलं असो. आयआरएसकडे एसएस-८ फॉर्म भरून निर्णय मागता येतो. कॅलिफोर्नियात तर एबी ५ हा कायदा २०२० पासून आहे. तिथे स्वतंत्र कंत्राटदार ठरवायच्या तीन अटी आहेत. त्यातली एक अशी की केलेलं काम मालकाच्या नेहमीच्या धंद्याबाहेरचं हवं. फ्लाइंग स्कूलमध्ये उड्डाण शिकवणं हे धंद्याबाहेरचं कसं असेल? तुम्ही बे एरियात शोधणार असाल तर डब्ल्यू-२ च मागा.

ज्याचं स्वतःचं विमान आहे अशा माणसाला त्याच्या विमानात शिकवलंत, तुमच्या वेळेत, तुमच्या दराने, तर तो खरा स्वतंत्र धंदा. त्यासाठी विमानतळाचा परवाना लागतो का ते आधी तपासा. बऱ्याच नगरपालिकांच्या आणि काउंटीच्या विमानतळांना 'मिनिमम स्टँडर्ड्स' म्हणून नियमावली असते आणि तिथे व्यवसाय करायला परमिट आणि ठरावीक रकमेचा विमा मागतात.

उजवीसीट

मुलाखतीबद्दल. साधारण तीन भाग असतात: बोलणं, पांढऱ्या फळ्यावर एक धडा, आणि उड्डाण. बोलण्यात कुणी सहसा पडत नाही. लोक पडतात ते फळ्यावर.

'पंधरा मिनिटांत मला काहीतरी शिकव' असं सांगतात. त्यावर चंदेल किंवा लेझी एट अशा कमर्शियलच्या कसरती निवडणं चूक. चीफला बघायचं असतं की कोरी पाटी घेऊन आलेल्या माणसाला तुम्ही कसं समजावता. स्टॉल घ्या, किंवा उतरताना वेग आणि उंची कशी सांभाळायची ते घ्या. एक चित्र, एक मुख्य मुद्दा, दोन प्रश्न विद्यार्थ्याला, आणि शेवटी त्याच्याच तोंडून परत वदवून घ्या. चीफ मुद्दाम चुकीचं उत्तर देईल, तेव्हा 'नाही' म्हणून स्वतःचं बरोबर उत्तर सांगू नका, तो कुठे घसरला ते विचारून काढा. याच गोष्टीला तिथे सर्वात जास्त वजन आहे.

दुसरा हमखास प्रश्न: पहिल्या सोलोच्या आधी लॉगबुकात आणि कागदांवर काय काय हवं? न अडखळता सांगता आलं पाहिजे. स्टुडंट पायलट सर्टिफिकेट हातात हवं, आणि ते आयॅक्रावर (एफएए या अमेरिकी विमान वाहतूक खात्याची ऑनलाइन अर्जाची साइट) अर्ज केल्यावर लगेच येत नाही, म्हणून पहिल्या-दुसऱ्या धड्यालाच अर्ज टाकायचा. मेडिकल. प्री-सोलो लेखी चाचणी घेऊन, चुकलेलं प्रत्येक उत्तर समजावून दिल्याची नोंद. एफएएच्या नियम ६१.८७ मधले सगळे मॅन्युव्हर त्या मॉडेलवर शिकवल्याची नोंद. आणि सोलोची परवानगी, जी ९० दिवसच चालते. शब्दरचना एफएएच्या ॲडव्हायजरी सर्क्युलर ६१-६५ मधून जशीच्या तशी घ्या, मनाने रचू नका.

उड्डाणात उजव्या सीटवरून लँडिंग बघतात. नव्या इन्स्ट्रक्टरची ठरलेली चूक: विमान धावपट्टीच्या मधल्या रेषेच्या डावीकडे टेकतं. कारण साधं आहे. डाव्या सीटवर असताना ती रेष डोळ्यांच्या किंचित उजवीकडे दिसायची सवय झालेली असते. उजव्या सीटवर बसून तीच सवय ठेवली की विमान दुप्पट डावीकडे सरकतं. उपाय असा: टॅक्सी करताना नाकाचं चाक पिवळ्या रेषेवर आणून थांबा आणि ती रेष काउलिंगच्या कुठल्या रिव्हेटवरून जाते ते डोळ्यांत पक्कं बसवा. जुन्या गोल घड्याळांच्या पॅनेलवर एअरस्पीड अगदी डावीकडच्या टोकाला असतो, तिरक्या नजरेने काटा दोन-चार नॉट चुकीचा भासतो, तेव्हा जरा डावीकडे झुकून वाचा. आणि जुन्या काही चेरोकी विमानांत उजवीकडे पायाचे ब्रेक नसतात, फक्त मधला हाताचा ब्रेक असतो. इंजिन चालू करण्याआधी तपासा, टॅक्सी करताना नव्हे.

चीफ विद्यार्थी बनून मुद्दाम चुका करतो: फायनलला वेग पडू देतो, फ्लेअर उंचावर करतो, बेस टर्नला रडर जास्त दाबतो. यात दोन टोकं टाळायची. आधीच हात घालणारा शिकवत नाही, उशिरा घालणारा विमान मोडतो. माझ्या मते मर्यादा आधीच बोलून दाखवावी, म्हणजे '५०० फुटांवर स्थिर नसेल तर गो-अराउंड, मी सांगेन तेव्हा वाद नाही.' कमी उंचीवर बेस टर्नला जास्तीचा रडर दिसला तर मात्र थांबायचं नाही, लगेच कंट्रोल घ्यायचे, कारण तिथून सुरू झालेल्या स्पिनमधून बाहेर यायला खाली उंचीच नसते. कंट्रोल घेताना तीन वेळा बोलणं झालंच पाहिजे: 'माय कंट्रोल्स', 'युअर कंट्रोल्स', पुन्हा 'माय कंट्रोल्स'. मुलाखतीत हे विसरलेला माणूस लक्षात राहतो, नको त्या कारणाने.

चिखलदरा_एक्सप्रेस

उजवीसीट यांनी छान लिहिलंय. पार्ट १४१ च्या स्कूलमध्ये नोकरी लागल्यावरही चीफकडून स्टँडर्डायझेशन आणि प्रोफिशियन्सी चेक होतो आणि तो दर १२ महिन्यांनी परत असतो. त्या उड्डाणांचे पैसे कोण देतं ते ऑफर घेताना विचारा. काही ठिकाणी ते तुमच्याकडून घेतात, किंवा 'अमुक महिन्यांच्या आत सोडलंत तर परत द्या' असा करार करतात. करार असणं वाईट नाही. त्यात रक्कम आणि मुदत आकड्यात लिहिलेली हवी, आणि स्कूलने काढून टाकलं तर रक्कम माफ, हे वाक्य हवं.

घार

विम्याचा मुद्दा राहिला. स्कूल म्हणतं 'आमचा विमा आहे.' तो विमा स्कूलचा आहे. अपघात झाला, विमा कंपनीने स्कूलला विमानाचे पैसे दिले आणि नंतर तेच पैसे इन्स्ट्रक्टरकडून वसूल करायला आली, असं कायद्याने होऊ शकतं. याला सब्रोगेशन म्हणतात. म्हणून दोन गोष्टी लेखी मागा: पॉलिसीत इन्स्ट्रक्टर विमाधारक म्हणून धरलाय का, आणि त्याच्याविरुद्ध सब्रोगेशनचा हक्क सोडलाय का. डिडक्टिबल किती आणि तो कोणाच्या माथी, हेही. ही माहिती द्यायला स्कूल टाळाटाळ करत असेल तर तिथे विद्यार्थ्याला सोलो सोडू नका. शक्यतो नोकरीच घेऊ नका. स्वतःचा नॉन-ओन्ड विमा इन्स्ट्रक्टरसाठी वेगळा मिळतो, त्यात विमानाच्या नुकसानीचा भाग निवडावा लागतो, आपोआप येत नाही.

मालकाच्या विमानात शिकवताना त्याच्या पॉलिसीतली पायलटविषयीची अट वाचा. बोनान्झा किंवा सिरससाठी विमा कंपनी त्या मॉडेलवरचे ठरावीक तास मागते, आणि नव्या इन्स्ट्रक्टरकडे ते नसतात.

टेक्सासकर

तासांबद्दल एक सोपा मुद्दा. डबल-आय असेल तर इन्स्ट्रुमेंट शिकवता शिकवता एटीपीचे ७५ इन्स्ट्रुमेंट तास आपोआप भरतात, त्याची काळजी करायला नको.

कोरडीहवा

टेक्सासकर, हे चुकीचं आहे आणि यातच लोक १४०० तासांवर अडकतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

विद्यार्थी हूड घालून (बाहेरचं दिसू नये म्हणून) फक्त उपकरणांवर उडतोय, तुम्ही बाहेर बघताय. ते त्याचे इन्स्ट्रुमेंट तास, तुमचे नाहीत. तुमचे फक्त खऱ्या ढगात, इन्स्ट्रुमेंट शिकवत असतानाचे, नियम ६१.५१ प्रमाणे. ॲरिझोनात वर्षभर शिकवून हा आकडा पाच तासांच्या पुढे जात नाही असं सहज होऊ शकतं. इन्स्ट्रुमेंट रेटिंग घेताना ४० तास झालेले असतात, थोडे प्रायव्हेटचे. म्हणजे तीसेक कमी पडतात. ते भरायचे तीन रस्ते: ढग असलेल्या प्रदेशात शिकवा, दुसऱ्या इन्स्ट्रक्टरसोबत आळीपाळीने हूड घाला आणि दुसऱ्याने सेफ्टी पायलट व्हा, किंवा मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर करा, ज्याचे २५ पर्यंत धरले जातात.

रात्रीचे १०० लागतात. प्रायव्हेटच्या विद्यार्थ्याला रात्रीचे ३ तासच शिकवायचे असतात. दहा विद्यार्थी झाले तरी ३०. उरलेले ठरवून करावे लागतात, हिवाळ्यात संध्याकाळचे स्लॉट मागून घेतले तर सोपं जातं. लॉग करताना रात्र म्हणजे संध्याकाळचा सिव्हिल ट्वायलाइट संपल्यापासून सकाळचा सुरू होईपर्यंत. सूर्यास्तानंतर एक तास ही व्याख्या प्रवासी नेण्यासाठीच्या लँडिंगची, तासांची नव्हे. दोन्हीची गल्लत करून रकाना भरला तर एअरलाइनच्या मुलाखतीत लॉगबुक तपासताना ते सापडतं.

क्रॉस-कंट्री, म्हणजे लांबच्या उड्डाणांचे, ५००; रिस्ट्रिक्टेड एटीपीला (वर सांगितलेल्या कमी तासांच्या सवलतीचं) २००. इथे एक सवलत आहे. एटीपीसाठी निघालेल्या ठिकाणापासून सरळ रेषेत ५० नॉटिकल मैलांपेक्षा लांब गेलात तर पुरे, तिथे उतरायची गरज नाही. म्हणून इन्स्ट्रुमेंटच्या विद्यार्थ्यासाठी अप्रोच निवडताना ५० मैलांपलीकडचं विमानतळ निवडलं तर त्याचंही काम होतं आणि तुमचंही. विद्यार्थ्याच्या खर्चाने उगाच लांब नेऊ नका, ते अप्रामाणिक आहे. पण जिथे दोन पर्याय त्याच्या दृष्टीने सारखेच आहेत तिथे लांबचा घ्या. लॉगबुकात यासाठी वेगळा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा, कारण नंतर नकाशावर मागची सहाशे उड्डाणं मोजत बसणं अशक्य होतं.

मल्टीचे ५० शेवटी राहतात. तेव्हा एमईआय कामाला येतं.

टेक्सासकर

बरोबर, मी सिम्युलेटेड आणि ॲक्च्युअलमध्ये गल्लत केली. दुरुस्तीबद्दल आभार. एक भर घालतो: ५०० तास झाल्यावर पार्ट १३५ च्या, म्हणजे भाड्याने विमान उडवणाऱ्या कंपन्यांच्या, व्हीएफआर (बाहेर बघून उडायच्या) कामाची दारं उघडतात, १२०० वर आयएफआरची. एरियल सर्व्हे, पाइपलाइन पेट्रोल, ग्लायडर ओढणं यांना त्याआधीही घेतात. शिकवायची मनापासून आवड नसेल तर ही वाट धरा. विद्यार्थी तासाला दीडशे-दोनशे डॉलर मोजतो, त्याच्या पैशांवर नुसते स्वतःचे तास भरणारा इन्स्ट्रक्टर त्याला नको असतो.

नागपूर_टॉवर

ज्यांच्याकडे कामाची परवानगी नाही, महाराष्ट्रातून शिकायला आलेत, त्यांच्यासाठी. एम-१ व्हिसावर शिक्षण संपल्यावर प्रॅक्टिकल ट्रेनिंग मिळतं, पण दर चार महिन्यांच्या शिक्षणाला एक महिना आणि जास्तीत जास्त सहा महिने. त्यासाठी मंजुरी हवी. एफ-१ वर १२ महिन्यांचं ओपीटी, म्हणजे शिक्षणाशी संबंधित कामाची परवानगी, असतं, पण फार थोडी फ्लाइंग स्कूल एफ-१ देऊ शकतात. प्रवेश घेण्याआधीच हे विचारायचं, सीएफआय झाल्यावर नव्हे. परवानगी नसताना 'बिनपगारी शिकवतो' असंही करू नका, तासांच्या मोबदल्यात शिकवणं हेही काम धरलं जातं.

परत गेल्यावर: एफएएचं सीएफआय घेऊन बारामतीला किंवा गोंदियाला व्हीटी (भारतीय) नोंदणीच्या विमानात शिकवता येत नाही. आधी डीजीसीएचं, म्हणजे भारतीय नियामकाचं, सीपीएल (कमर्शियल लायसन्स), मग डीजीसीएचं असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर रेटिंग, आणि सुरुवातीला फ्लाइट इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली काम. भारतातला पत्ता दिलात तर एफएएला अमेरिकेतला एजंट कळवावा लागतो, म्हणजे टपाल स्वीकारणारी व्यक्ती किंवा कंपनी. ते राहिलं तर सर्टिफिकेट वापरता येत नाही.

पहाटवारा

खूपच नेमकं मिळालं. शेवटचं विचारतो: ऑफर घेतली, सोमवारी रुजू व्हायचंय. पहिल्या आठवड्यात कागदपत्रांत काय राहून जातं?

उजवीसीट

टीएसएचं (अमेरिकेची वाहतूक सुरक्षा यंत्रणा) सिक्युरिटी अवेअरनेस ट्रेनिंग, रुजू झाल्यापासून ६० दिवसांत, नंतर दर दोन वर्षांनी. ऑनलाइन होतं, प्रमाणपत्र जपून ठेवा. प्रायव्हेट, इन्स्ट्रुमेंट किंवा मल्टी सुरू करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याचा पासपोर्ट किंवा जन्मदाखला बघून नागरिकत्वाची नोंद त्याच्या लॉगबुकात आणि तुमच्याही, पहिल्या धड्याच्या आधी. तो नागरिक नसेल तर टीएसएची मंजुरी आल्याशिवाय इंजिनसुद्धा चालू करायचं नाही. ग्रीन कार्डवाल्यालाही हे लागतं, तिथे बरेच जण चुकतात.

एका वहीत किंवा फाइलमध्ये ज्यांना सोलोची किंवा चेकराइडची परवानगी दिली त्यांची नावं, तारीख, निकाल. ३ वर्षं ठेवायची. स्कूलच्या सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवू नका, नोकरी सोडली की लॉगिन बंद होतं. दर महिन्याला त्याची छापील प्रत काढा.

२४ तासांत ८ तासांपेक्षा जास्त उड्डाण शिकवता येत नाही. हे चोवीस तास सरकते असतात, मध्यरात्रीपासून मोजायचे नसतात. काल संध्याकाळी चार ते आठ उडालात आणि आज सकाळी सातपासून तीन विद्यार्थी लावलेत तर दुपारच्या आत हद्द ओलांडू शकते. वेळापत्रक लावणारी फ्रंट डेस्कची मुलं हे बघत नाहीत.

आणि मेडिकल. विद्यार्थी पायलटसोबत तुम्हीच पीआयसी, त्यामुळे निदान थर्ड क्लास मेडिकल किंवा बेसिकमेड (त्याला असलेला सोपा पर्याय) चालू हवं. बरीच स्कूल सेकंड क्लास मागतात. तारीख फोनमध्ये टाका.

पहाटवारा

ग्रीन कार्डवाल्याचं लक्षात आलं नव्हतं. एक शंका: विद्यार्थ्याने पासपोर्ट दाखवला, पण फोटोकॉपी द्यायला नको म्हणाला तर?

उजवीसीट

कॉपी ठेवायची सक्ती नाही. बघून लॉगबुकात नोंद केली, सही आणि तुमचा सर्टिफिकेट नंबर टाकला, की चालतं. ठरावीक शब्दरचना ६१-६५ मध्येच आहे. पासपोर्टची मूळ प्रत बघा, फोनमधला फोटो नको.